पासवर्ड सेव्ह आहे, तरी दर वेळी ‘फरगॉट पासवर्ड’? कारण शोधायची पद्धत

पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड साठवून लॉगिनच्या वेळी ते आपणहून भरणारं ॲप, घेतला की लॉगिनची कटकट संपेल अशी अपेक्षा असते. पण अनेकांच्या बाबतीत वेगळंच घडतं. पासवर्ड मॅनेजरमध्ये असतो, तो आपणहून भरलाही जातो, आणि तरी पोर्टल म्हणतं ‘इनव्हॅलिड पासवर्ड’. मग ‘फरगॉट पासवर्ड’, ओटीपी, नवा पासवर्ड, आणि काम एकदाचं उरकतं. पुढच्या महिन्यात तेच सगळं पहिल्यापासून. शाळांच्या कार्यालयांत पोर्टलच्या कामात मदत करताना हे मला सतत दिसतं. शेवटी लोक वैतागून वहीच्या मागच्या पानाकडे वळतात, नाहीतर शाळेचं नाव आणि पुढे १२३ असा एकच पासवर्ड सगळीकडे ठेवतात. हा दुसरा मार्ग फार धोक्याचा आहे. एखाद्या लहानशा साइटवरून पासवर्डांची यादी फुटली, की त्यातली ईमेल आणि पासवर्डची जोडी इतर शेकडो साइटवर आपोआप लावून पाहिली जाते. चोराला तुमचा पासवर्ड ओळखावाही लागत नाही.

मॅनेजरच बिघडलाय, असं क्वचित निघतं. बहुतेक वेळा त्याच्याकडे पत्ता जुना असतो, पासवर्ड जुना असतो, किंवा एकाऐवजी दोन मॅनेजर एकमेकांच्या पायात पाय घालत असतात. खालची उदाहरणं बिटवॉर्डनची घेतो, कारण तो मुक्तस्रोत आहे आणि फुकटच्या आवृत्तीतही कितीही पासवर्ड कितीही उपकरणांवर ठेवता येतात. बाकी मॅनेजरमध्येही कारणं हीच असतात, फक्त बटणांची नावं बदलतात.

आधी रीसेट थांबवा

लॉगिन अडलं की हात लगेच ‘फरगॉट पासवर्ड’कडे जातो. तिथेच थांबा. रीसेटने आजचं काम होतं, पण बिघाड कशात होता हे कळायची संधी जाते, आणि नवा पासवर्ड नेमका कुठे साठला हा नवा घोळ सुरू होतो. तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा मारूनही पाहू नका. लागोपाठ काही चुकीचे प्रयत्न झाले की बऱ्याच बँका आणि सरकारी पोर्टलं खातं लॉक करतात, मग अर्धा दिवस त्यातच जातो.

त्याऐवजी मॅनेजर स्वतंत्र उघडा, त्या साइटची नोंद काढा, आणि डोळ्याच्या चिन्हावर दाबून पासवर्ड नजरेने पाहा. आता स्वतःला विचारा: मॅनेजर काहीच सुचवत नाही? चुकीची नोंद सुचवतो? की नोंद बरोबर आहे, पण साइट ती नाकारते? या तिन्हींची औषधं वेगळी आहेत, म्हणून सरसकट ‘ऑटोफिल (पासवर्ड आपणहून भरणं) चालत नाही’ म्हणून भागत नाही.

मॅनेजर काहीच सुचवत नाही

मॅनेजर साइटला तिच्या दिसण्यावरून ओळखत नाही, पत्त्यावरून ओळखतो. लोगो तोच, रंग तेच, पण पत्ता वेगळा असेल तर तो गप्प राहतो. हे त्याचं सर्वांत मोलाचं काम आहे. हुबेहूब बँकेसारखं दिसणारं बनावट पान आपल्याला फसवू शकतं, त्याला नाही. म्हणून मॅनेजरने पासवर्ड सुचवला नाही की लगेच कॉपी-पेस्ट करू नका, आधी वरचा पत्ता वाचा.

पण गेल्या काही काळात खऱ्या साइटवरही हा अनुभव खूप जणांना आलाय. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यांवर जायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे पत्ते देण्याचं काम रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे, त्यामुळे कोणीही उठून तो घेऊ शकत नाही. ग्राहकाच्या सुरक्षेसाठी हा बदल उत्तम आहे. फक्त तुमच्या मॅनेजरमधली बँकेची नोंद अजून जुन्या ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट को डॉट इन’वर असेल, तर नव्या पत्त्यावर तो पासवर्ड देणार नाही.

नवा पत्ता खरा आहे याची खात्री मात्र नीट करून घ्या. एसएमएस किंवा व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून जाऊ नका. मॅनेजरमध्ये आधीपासून असलेला जुना पत्ता उघडा आणि बँक तुम्हाला पुढे कुठे नेते ते पाहा, किंवा बँकेच्या शाखेत विचारा. मग पत्ता उजवीकडून वाचा. ‘https’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पहिली तिरकी रेघ जिथे येते, तिच्या लगेच आधी ‘डॉट बँक डॉट इन’ असायला हवं. ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट लॉगिन डॉट कॉम’ असा पत्ता दिसला तर तो बँकेचा नाही. त्यात ‘बँक डॉट इन’ ही अक्षरं आहेत खरी, पण खरा मालक शेवटचा ‘लॉगिन डॉट कॉम’ आहे. खात्री पटली की नवी नोंद करू नका. जुनीच नोंद एडिटमध्ये उघडून तिच्यात दुसरा वेबसाइट पत्ता जोडा. एका नोंदीत अनेक पत्ते ठेवता येतात, आणि पुढचा पासवर्ड बदल मग एकाच जागी करावा लागतो.

फोनवर काहीच सुचत नसेल तर कारण बहुधा सेटिंगमध्ये असतं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘पासवर्ड्स, पासकीज अँड अकाउंट्स’मध्ये पसंतीची सेवा म्हणून तुमचा मॅनेजर निवडलेला हवा. सेटिंगचं नाव फोनगणिक थोडं बदलतं, तेव्हा वरच्या शोधचौकटीत ‘ऑटोफिल’ लिहिलं की सापडतं. एवढं करून इतर ॲपमध्ये पासवर्ड भरले जातात आणि क्रोममध्ये नाहीत, असं झालं तर क्रोमच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोफिल सर्व्हिसेस’खाली दुसरी सेवा वापरण्याचा पर्याय आहे. तो चालू करून क्रोम बंद करून उघडा. ही दुसरी पायरी माहीत नसल्यामुळे ‘फोनवर चालतच नाही’ म्हणून मॅनेजर काढून टाकलेले पुष्कळ आहेत. आयफोनवर, आयओएस १८ पासून, हे ‘जनरल’मधल्या ‘ऑटोफिल अँड पासवर्ड्स’मध्ये मिळतं. सेटिंग सगळी बरोबर, आणि तरी सकाळी चालतं, दुपारी नाही, असं असेल तर बहुधा बॅटरी वाचवण्याच्या नादात फोन मॅनेजरला पार्श्वभूमीत बंद करतोय. त्या ॲपपुरतं बॅटरीचं बंधन काढा.

चुकीची नोंद सुचवतो

हा प्रकार सरकारी पोर्टलं हाताळणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो, आणि कारण कळल्याशिवाय कधीच सुटत नाही.

बिटवॉर्डन मुळात पत्त्याचा फक्त पायाचा भाग (‘बेस डोमेन’) जुळवून पाहतो. स्टुडंट पोर्टलचा पत्ता ‘स्टुडंट डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’, शिक्षकांच्या वेतनाच्या शालार्थचा ‘शालार्थ डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’, शिष्यवृत्त्यांच्या महाडीबीटीचा ‘महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’. मॅनेजरच्या दृष्टीने या तिघांचा पाया एकच: ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’. त्यामुळे तिन्हींपैकी कुठेही गेलात तरी तो तिन्ही नोंदी पुढे करतो.

एका शाळेच्या कार्यालयातलं दृश्य सांगतो. लिपिक मॅडम म्हणाल्या, “सर, पासवर्ड बरोबरच आहे हो, काल मीच बदललाय.” लॉगिनच्या चौकटीखाली दोन ओळी उघडल्या होत्या. एक ‘पोर्टल’, दुसरी ‘पोर्टल नवीन’. दोन्हींखाली यूजरनेम तेच, २७ ने सुरू होणारा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक). मॅडम दर वेळी वरची ओळ दाबत होत्या आणि ती होती त्याच सरकारी पत्त्याखालच्या दुसऱ्या पोर्टलची. त्यांनी काल बदललेला पासवर्ड खालच्या ओळीत व्यवस्थित होता.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही करा. पहिला म्हणजे नोंदींना स्पष्ट नावं द्या: ‘स्टुडंट पोर्टल – मुख्याध्यापक’, ‘शालार्थ – वेतन’. ‘नवीन’, ‘लेटेस्ट’, ‘फायनल’ ही नावं पुढच्या महिन्यात जुनी होतात. दुसरा उपाय असा: नोंद एडिटमध्ये उघडून वेबसाइट पत्त्याशेजारच्या दातेरी चाकावर दाबा आणि जुळवणीची पद्धत ‘बेस डोमेन’वरून ‘होस्ट’वर न्या. मग मॅनेजर पहिल्या तिरक्या रेघेपर्यंतचा पूर्ण पत्ता जुळवतो आणि शालार्थच्या पानावर शालार्थचीच नोंद दाखवतो. सगळ्याच साइटना हे लावू नका. एकच खातं अनेक उपपत्त्यांवर चालवणाऱ्या साइटवर ‘होस्ट’मुळे उलट अडचण होते. सरकारी पोर्टलं, कॉलेजची पोर्टलं आणि कंपन्यांच्या आतल्या साइट यांना मात्र लावाच. एखाद्या ‘डॉट बँक डॉट इन’ पत्त्यावर भलत्याच बँकेची नोंद दिसली, तरी हाच इलाज.

चुकीच्या नोंदीचा दुसरा उगम म्हणजे ‘अपडेट करू का?’ हा प्रश्न. नेट बँकिंगमध्ये लॉगिनचा एक पासवर्ड आणि व्यवहाराचा वेगळा, अशी पद्धत अनेक बँकांत आहे. पैसे पाठवताना तुम्ही व्यवहाराचा पासवर्ड टाकता. मॅनेजरला वाटतं, लॉगिनचाच पासवर्ड बदलला. तो विचारतो आणि आपण घाईत ‘हो’ म्हणतो. लॉगिनचा पासवर्ड पुसला जातो आणि त्या जागी व्यवहाराचा बसतो. ओटीपीच्या चौकटीबाबतही कधी कधी असंच होतं आणि सहा अंकी ओटीपी पासवर्ड म्हणून साठतो. तेव्हा तो प्रश्न आला की क्षणभर थांबून आठवा, आत्ता आपण खरोखर पासवर्ड बदलला का? नसेल, तर ‘नाही’.

चुकून ‘हो’ झालंच असेल तरी घाबरू नका. बिटवॉर्डन प्रत्येक नोंदीचे आधीचे शेवटचे ५ पासवर्ड राखून ठेवतो. नोंद उघडून खाली ‘पासवर्ड हिस्टरी’ पाहा, जुना तिथे मिळेल. रीसेटच्या आधी इथे एकदा डोकावायची सवय लावा, तुमचे कितीतरी तास वाचतील. व्यवहाराच्या पासवर्डसाठी त्याच नोंदीत वेगळा लपवलेला रकाना जोडता येतो, म्हणजे दोन्ही एका जागी राहतात आणि एकमेकांवर चढत नाहीत.

नोंद बरोबर, तरी साइट नाकारते

आधी हे ठरवा की तुमचे पासवर्ड किती ठिकाणी साठतात. संगणकावर बिटवॉर्डन, फोनवर क्रोममुळे गुगलचा मॅनेजर, आणि एज ब्राउझरने मध्येच विचारून मायक्रोसॉफ्टकडे ठेवलेले काही, असं त्रांगडं घराघरात आहे. रविवारी फोनवरून पासवर्ड बदलला, तो गुगलकडे गेला. सोमवारी ऑफिसात बिटवॉर्डनने जुना भरला. साइटने नाकारला, तुम्ही रीसेट केलात, आता फोनवरचा जुना झाला. ‘दर महिन्याला रीसेट’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

एकच ठेवा. कुठला, हे तुमच्या सोयीवर. फक्त क्रोम आणि अँड्रॉइड वापरत असाल तर गुगलचाही पुरतो, वेगवेगळी ब्राउझर किंवा आयफोन मध्ये असतील तर स्वतंत्र मॅनेजर बरा. बाकी ठिकाणचे पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढून त्या एकात आयात करा, आणि मग इतर ब्राउझरांत ‘पासवर्ड सेव्ह करू का’ हे विचारणं बंद करा. ती सीएसव्ही फाइल उघड्या मजकुराची असते, त्यात तुमचा एकूण एक पासवर्ड साधा वाचता येतो. स्वतःला ईमेल करू नका, व्हॉट्सॲपवर टाकू नका. आयात झाली की डाउनलोड्समधून पुसा आणि रिसायकल बिनही रिकामी करा.

हलवाहलव पुढे ढकलू नका, कारण या सेवा कायमच्या नसतात. मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये पासवर्ड भरण्याची सोय होती, ती जुलै २०२५ मध्ये बंद झाली आणि ऑगस्टपासून त्यातले साठवलेले पासवर्ड त्या ॲपमधून मिळेनासे झाले. ओटीपी कोडसाठी ते ॲप अजून चालतं, म्हणून पासवर्डही तिथेच असतील असा अनेकांचा समज आहे.

कीपास हा मॅनेजर वापरणाऱ्यांची गोष्ट जराशी निराळी. तिथे सगळे पासवर्ड ‘केडीबीएक्स’ या एका फाइलमध्ये असतात, आणि ती ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समधून फिरवली जाते. दोन उपकरणांवर एकाच वेळी बदल झाले की फोल्डरमध्ये दुसरी प्रत तयार होते आणि अर्धे पासवर्ड एकीत, अर्धे दुसरीत राहतात. एक प्रत पुसू नका. कीपासच्या फाइली उघडणाऱ्या कीपासएक्ससी या ॲपमध्ये डेटाबेस मर्ज करायची सोय आहे, तिने दोन्ही एक करा.

मॅनेजर एकच आहे, पासवर्ड आत्ताच बदललाय, आणि तरी साइट नाकारते? मग लांबी तपासा. काही साइटच्या रीसेट पानावर चौकटीला अक्षरांची मर्यादा असते, समजा १५. मॅनेजरने २४ अक्षरांचा पासवर्ड भरला, चौकटीने पहिली १५ घेतली आणि उरलेली काही न सांगता टाकून दिली. मॅनेजरकडे मात्र २४ साठली. लॉगिनच्या पानावर तशी मर्यादा नसेल तर तिथे २४ जातात आणि अर्थातच चुकतात. ओळखायची युक्ती सोपी: रीसेटच्या चौकटीत कर्सर शेवटी नेऊन ठिपके मोजा, किंवा डोळ्याचं चिन्ह असेल तर शेवटची अक्षरं मॅनेजरशी ताडून पाहा. अशा साइटसाठी मॅनेजरच्या जनरेटरमध्ये, म्हणजे नवा पासवर्ड बनवून देणाऱ्या सोयीत, लांबी साइटच्या नियमाएवढी करा. चिन्हांचंही तसंच. ‘फक्त ॲट, हॅश आणि डॉलर चालेल’ असा नियम असेल तर बाकी चिन्हं जनरेटरमधून काढा.

यासोबत क्रमही सुधारा. पुष्कळ जण जनरेटरने पासवर्ड बनवून आधी नोंद सेव्ह करतात, मग साइटवर टाकतात. साइटने नियमात बसत नाही म्हणून नाकारला, तर नोंदीत कधीच लागू न झालेला पासवर्ड बसून राहतो. पासवर्ड बनवा, साइटवर टाका, ‘बदल झाला’ असा संदेश दिसू द्या, मग सेव्ह करा. लगेच लॉगआउट करून मॅनेजरमधूनच पुन्हा लॉगिन करा. या एका मिनिटात चूक तिथल्या तिथे सापडते, अन्यथा ती पगारबिलाच्या शेवटच्या दिवशी सापडते.

दोन पानांवर विभागलेल्या लॉगिनमध्येही गोंधळ होतो. आयकर खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर आधी पॅन, पुढच्या पानावर पासवर्ड, अशी रचना आहे. तिथे दोन्ही पानांवर मॅनेजरच्या चिन्हातून नोंद पुन्हा निवडावी लागू शकते. पासवर्ड पेस्ट करूच न देणाऱ्या साइटही आहेत. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतच पेस्ट करू द्यावं आणि कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असं म्हटलंय. पेस्टबंदीमुळे लोक छोटे, सोपे पासवर्ड ठेवायला लागतात, हे मला मनापासून चुकीचं वाटतं. अशा साइटसाठी जनरेटरमधला शब्दांचा पर्याय निवडा. चार-पाच इंग्रजी शब्द हाताने टाइप करणं वेड्यावाकड्या चिन्हांपेक्षा सोपं असतं, आणि ताकदही पुरेशी राहते. लांबीची मर्यादा मात्र आधी बघा.

लॉगिन सामायिक असेल तर

शाळा, पतसंस्था, सोसायटी, सगळीकडे एक लॉगिन तिघं-चौघं वापरतात. एकाने पासवर्ड बदलला की बाकीचे बाहेर. मग पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो आणि बदली होऊन गेलेले सरही त्या ग्रुपवर असतात. बिटवॉर्डनमध्ये दोन माणसांत नोंदी वाटून घेण्याची सोय फुकट आहे. मुख्याध्यापक आणि लिपिक एवढ्यांचंच काम असेल तर ती पुरते. एकाने बदल केला की दुसऱ्याकडे आपोआप पोचतो. जास्त माणसं असतील तर सशुल्क योजना घ्यावी लागते, आणि माणूस संस्था सोडून गेला की त्याचा प्रवेश काढून पासवर्डही बदलावा लागतो, कारण त्याने तो पाहिलेला असतो.

मास्टर पासवर्डच चुकतोय

मास्टर पासवर्ड म्हणजे खुद्द मॅनेजर उघडायचा पासवर्ड. तोच चालत नसेल तर सगळ्यात आधी कीबोर्ड पाहा. मराठी टायपिंग चालू राहिलं असेल तर इंग्रजी समजून दाबलेल्या कळांतून देवनागरी अक्षरं जातात, आणि चौकटीत ठिपकेच दिसत असल्यामुळे कळत नाही. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलते. कॅप्स लॉकही बघून घ्या. याच कारणासाठी मास्टर पासवर्ड रोमन अक्षरांत ठेवा. देवनागरीत एकच अक्षर आतून दोन प्रकारे लिहिलं जाऊ शकतं, आणि दोन उपकरणांचे कीबोर्ड ते वेगवेगळं पाठवू शकतात.

त्यानंतरही उघडला नाही, तर दुसऱ्या कुठल्या उपकरणावर मॅनेजर अजून बोटाच्या ठशाने उघडतोय का ते पाहा. उघडत असेल तर तिथून लॉगआउट करू नका. तिथून प्रत्येक नोंद पाहून कागदावर किंवा नव्या खात्यात उतरवता येते. कंपनीला फोन करून मास्टर पासवर्ड मिळणार नाही. तो त्यांच्याकडे नसतोच, तुमची तिजोरी त्या पासवर्डाशिवाय त्यांनाही उघडत नाही. २०२२ मध्ये लास्टपास या सेवेतून ग्राहकांच्या कूटबद्ध तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, तेव्हा चोरांच्या आणि पासवर्डांच्या मध्ये प्रत्येकाचा मास्टर पासवर्डच उभा होता. ज्यांचा लांब आणि दुसरीकडे कुठेच न वापरलेला होता, ते त्यामानाने सुरक्षित राहिले.

म्हणून तो लांब ठेवा आणि कागदावर लिहा. हो, कागदावर. मास्टर पासवर्ड, मॅनेजरला जोडलेला ईमेल आणि टू-स्टेप लॉगिनचा (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणाऱ्या लॉगिनचा) रिकव्हरी कोड, हे तीन एका कागदावर, कागद पाकिटात, आणि पाकीट घरातल्या सोन्या-कागदपत्रांच्या जागी. घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला जागा सांगून ठेवा. रिकव्हरी कोड आजच काढून घ्या, तो बिटवॉर्डनच्या वेबसाइटवर लॉगिन करून सुरक्षेच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप लॉगिनखाली मिळतो. टू-स्टेप लॉगिन फोनवरच चालत असेल, फोन हरवला आणि कोड काढलेला नसेल, तर मास्टर पासवर्ड अचूक आठवत असूनही नव्या फोनवर आत जाता येत नाही.